‘फुल रिफंड’ वाचून थांबू नकोस

प्रिय विद्यार्थिनी,

तुझं पत्र मिळालं. कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, पुढे बँकेच्या नाहीतर प्रवास कंपनीच्या ग्राहक सेवा विभागात काम करायचं मनात आहे, आणि तिथल्या लेखी परीक्षेसाठी इंग्रजीच्या सरावाचं पुस्तक आणलंयस. त्यात सुट्ट्या आणि पैसे या दोन विषयांवर पानंच्या पानं आहेत. रिकाम्या जागा भरताना 20 पैकी 18 उत्तरं बरोबर येतात, पण त्याच विषयावरचा उतारा समोर आला की निम्मे प्रश्न चुकतात. आधी ग्रामर पक्कं करू की उतारे सोडवत राहू, हा तुझा पहिला प्रश्न. बाबा म्हणतात तसा क्लास लावू का, हा दुसरा. आणि सहल, पॉकेटमनी असल्या शाळकरी विषयांवर एवढा वेळ का घालवायचा, हा तिसरा.

तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण तिथे तुझा खरा गैरसमज आहे. हे विषय शाळकरी नाहीत. तुला जी नोकरी हवी आहे ती याच दोन विषयांची आहे. ग्राहक लिहितो ते काय? माझे पैसे कधी परत येतील, तारीख बदलली तर जास्त भरावे लागतील का, बँक बंद असेल त्या दिवशी हप्ता कापला जाईल का. दिवसभर हेच. त्यामुळे त्या पानांकडे गृहपाठ म्हणून बघू नकोस, कामाच्या पहिल्या आठवड्यात टेबलावर येणारे कागद म्हणून बघ.

आता एक कागद आपण सोबतच वाचू. असा मजकूर तुला कुठल्याही सहलीच्या अटींमध्ये सापडेल:

“अ डिपॉझिट ऑफ 20 पर्सेंट इज पेएबल ऑन बुकिंग. द बॅलन्स इज ड्यू नो लेटर दॅन 30 डेज बिफोर डिपार्चर. इफ यू कॅन्सल बिफोर द बॅलन्स इज ड्यू, यू विल रिसीव्ह अ फुल रिफंड, लेस द डिपॉझिट. आफ्टर दॅट डेट, नो रिफंड विल बी गिव्हन अनलेस युअर प्लेस कॅन बी रीसोल्ड.”

प्रश्न असा: एका बाईंनी बुकिंग करताना फक्त डिपॉझिट भरलं आणि निघायच्या 40 दिवस आधी सहल रद्द केली. त्यांना किती परत मिळेल? घाईत वाचणारा म्हणतो, 40 म्हणजे 30 पेक्षा जास्त, मुदतीच्या आत आहे, म्हणजे फुल रिफंड. पण स्वल्पविरामानंतरचं ‘लेस’ बघ. आपण ‘लेस’ म्हणजे ‘कमी’ एवढंच शिकलेलो असतो. इथे त्याचा अर्थ ‘वजा’ आहे. भरलेल्या रकमेतून डिपॉझिट वजा. आणि त्यांनी भरलं होतं फक्त डिपॉझिटच! म्हणजे हाती शून्य. सगळी रक्कम आधीच भरून टाकली असती, तर 80 टक्के परत मिळाले असते.

त्या चार वाक्यांत कठीण शब्द एकही नाही. रिकाम्या जागांमध्ये ‘अनलेस’ आणि ‘नो लेटर दॅन’ तू बरोबर भरतेस याची मला खात्री आहे. उताऱ्यात ते शब्द तुझ्या नजरेखालून निसटतात, कारण तेव्हा तू ‘अर्थ’ शोधत असतेस आणि ग्रामर बाजूला ठेवलेलं असतं. म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाला ‘आधी हे, मग ते’ असं उत्तर नाही. दोन्ही एकाच कागदावर, एकाच वेळी करायचं.

हे मी इतकं आवर्जून सांगते त्याला कारण आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका प्रवास कार्यालयात पत्रांना उत्तरं द्यायचं काम माझ्याकडे होतं. अशाच अटीवर मी एका ग्राहकाला ‘तुम्हाला पूर्ण रक्कम परत मिळेल’ असं लिहून पाठवलं. पुढचे तीन शब्द मी वाचलेच नव्हते. पत्र कार्यालयाच्या नावाने गेलं होतं, त्यामुळे दिलेला शब्द पाळावा लागला आणि फरक कार्यालयाने सोसला. त्या ग्राहकाचं पत्र, माझं उत्तर आणि तो अटींचा कागद, तिन्ही साहेबांनी शेजारी शेजारी ठेवून मला पुन्हा वाचायला लावलं होतं. तेव्हापासून पैशाचा कागद मी शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचल्याशिवाय बाजूला ठेवत नाही.

आता ग्रामरचं. तुझ्या पत्रासोबत पाठवलेल्या दोन पानांत ज्या चुका दिसल्या, त्या बहुतेक मराठीतून आलेल्या आहेत. हे मला आश्वासक वाटतं, कारण चूक कुठून येते ते कळलं की ती पकडता येते.

‘द मनी आर नॉट इनफ’ असं तू दोनदा लिहिलंस. मराठीत पैसे ‘आहेत’, ‘मिळाले’, ‘संपले’, म्हणजे कायम अनेकवचन. इंग्रजीत मनी न मोजता येणारं नाम, म्हणून ‘द मनी इज’ आणि ‘हाऊ मच मनी’. नाणी आणि नोटा मोजता येतात, मनी नाही. लगेज, इन्फर्मेशन, अ‍ॅडव्हाइस हीसुद्धा त्याच जातीची नामं, आणि प्रवासाच्या उताऱ्यात ती हमखास भेटतात. गंमत अशी की ठरावीक रक्कम किंवा ठरावीक मुदत एक गठ्ठा म्हणून सांगायची असेल, तर आकडा कितीही मोठा असला तरी क्रियापद एकवचनी येतं: ‘टू वीक्स इज अ लाँग टाइम’, ‘फाइव्ह हंड्रेड डॉलर्स इज इनफ’.

दुसरी चूक काळाची. ‘लास्ट इयर वुई हॅड गॉन ऑन अ ट्रिप.’ आपण सहज म्हणतो, ‘मागच्या वर्षी आम्ही सहलीला गेलो होतो’, आणि त्या ‘होतो’चं ‘हॅड’ होऊन बसतं. इंग्रजीत मागच्या वर्षीची गोष्ट सांगायला साधा भूतकाळ पुरतो: ‘वुई वेंट’. ‘हॅड गॉन’ लागतं ते भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीची कोणती हे दाखवायला. ‘वुई रीच्ड द बँक, बट इट हॅड क्लोज्ड.’ आम्ही पोचलो त्याआधीच बँक बंद झाली होती. उताऱ्यावरचा ‘आधी काय घडलं’ हा प्रश्न बऱ्याचदा या एका ‘हॅड’वर उभा असतो. तसंच ‘शी हॅज गॉन टू’ म्हणजे ती गेली आहे, अजून परतलेली नाही. ‘शी हॅज बीन टू’ म्हणजे जाऊन आली आहे.

तिसरी चूक सगळ्यात महत्त्वाची, आणि तिच्यावर थोडा वेळ घालवच. ‘पैसे असते तर मी गेले असते’ हे वाक्य बघ. हे मी आजच्या परिस्थितीबद्दल बोलते आहे की गेल्या वर्षीच्या? मराठीत दोन्हीकडे चालतं, संदर्भावरून आपण समजून घेतो. इंग्रजी तिथे दोन वेगळी वाक्यं करतं. ‘इफ आय हॅड मनी, आय वुड गो’ म्हणजे आत्ता पैसे नाहीत. ‘इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव गॉन’ म्हणजे तेव्हा नव्हते आणि ती संधी गेली. आणि ‘इफ आय हॅव मनी, आय विल गो’ यात अजून सगळं शक्य आहे. तू पाठवलेल्या पानांवरच्या उताऱ्यात एक बाई यातलं पहिलं वाक्य म्हणते. त्यात ‘हॅड’ दिसतं म्हणून तू ते भूतकाळाचं समजलीस आणि ‘पैसे नव्हते म्हणून ती सहलीला गेली नाही’ असं उत्तर लिहून मोकळी झालीस. प्रत्यक्षात ती बाई आजची अडचण सांगत होती.

शब्दांचंही असंच आहे. आपलं ‘भाडं’ घराचं, बसचं आणि वापरायला घेतलेल्या गाडीचंही; इंग्रजीत घराला रेंट, प्रवासाला फेअर आणि गाडी थोड्या दिवसांसाठी घ्यायची तर हायर. ‘उसने’ देणं आणि उसने घेणं यात आपण फक्त क्रियापद बदलतो, त्यांच्याकडे लेंड आणि बॉरो असे पूर्ण वेगळे शब्द. ‘सुट्टी’ तर किती ठिकाणी! फिरायला गेलो की हॉलिडे, अमेरिकन असेल तर व्हेकेशन. ऑफिसातून मागून घेतलेली लीव्ह. आठवड्याची ठरलेली असेल तर डे ऑफ. (सुट्टी आणि सुटे पैसे हे दोन्ही आपल्या ‘सुटणे’मधूनच आले. कामातून सुटलेला दिवस आणि मोठ्या नोटेतून सुटलेली नाणी. तुझे दोन्ही विषय मराठीत आधीपासूनच शेजारी आहेत.) त्या सुट्या पैशांना इंग्रजीत चेंज म्हणतात, आणि तारखेतला बदलही चेंजच.

उलटी बाजूही तेवढीच फसवी. बॅलन्स म्हणजे खात्यातली शिल्लक, आणि वरच्या कागदात मात्र भरायची राहिलेली बाकी. म्हणजे एकदा तुझे पैसे आणि एकदा तुझं देणं! इंटरेस्ट आवड आणि व्याज दोन्ही. आउटस्टँडिंग हा शब्द प्रगतिपुस्तकात कौतुकाचा, बिलावर थकबाकीचा. प्रवास विम्याच्या कागदात एक्सेस आलं, तर ते जास्त मिळणारे पैसे नव्हेत; दाव्याचा जो भाग आपल्याच खिशातून जातो तो. आणि ब्रिटनमध्ये ‘बँक हॉलिडे’ म्हणजे फक्त बँकवाल्यांची सुट्टी नाही, सार्वजनिक सुट्टी. 1871 साली तिथल्या कायद्याने काही दिवस बँकांसाठी सुट्टीचे ठरवले, त्या दिवशीचं देणं पुढच्या दिवशी चाले, आणि हळूहळू तो शब्द सगळ्यांच्या सुट्टीला चिकटला.

सराव कसा करशील? रोज एकच छोटा कागद घे: तिकिटाच्या अटी, बँकेची सूचना, विम्याचं एखादं पान, काहीही. पहिल्यांदा वाचताना स्वतःला सांग की हे माझे पैसे आहेत. मग पेन्सिलीने फक्त छोटे शब्द खुणाव: इफ, अनलेस, अन्टिल, ओन्ली, अप टू, अ‍ॅट लीस्ट, लेस, पर. ‘अप टू 50 पर्सेंट’ म्हणजे 50 टक्के नव्हे, जास्तीत जास्त 50. त्यानंतर कागद उलटा ठेव आणि एका काल्पनिक ग्राहकाला तीन-चार ओळींचं इंग्रजी उत्तर लिही: कोणी भरायचं, किती, कधीपर्यंत, आणि नाही भरलं तर काय. लिहून झालं की कागद सुलटा करून ताडून बघ. अर्धा तास पुरतो. उत्तर लिहिताना काळ, एकवचन, शब्दयोगी अव्ययं सगळं तुला वापरावंच लागेल, त्यामुळे ग्रामरला वेगळा तास नको. रिकाम्या जागांची पानं रविवारी एकदा केलीस तरी चालतील. तिथे तू चांगलीच आहेस.

परीक्षेसाठी आणखी एक. आयईएल्टीएससारख्या इंग्रजीच्या परीक्षांत ट्रू, फॉल्स आणि नॉट गिव्हन असे तीन पर्याय असतात. फॉल्स म्हणजे उतारा त्याच्या विरुद्ध सांगतो, नॉट गिव्हन म्हणजे उतारा त्यावर काही सांगतच नाही. आपण आपल्या अनुभवातून रिकामी जागा भरून काढतो आणि तिथेच गुण जातात.

क्लासबद्दल बाबांशी असं बोल: जिथे फक्त नियम सांगून वर्कशीट देतात तिथे पैसे घालू नका, कारण ते तुला येतं. जिथे शिक्षक तू लिहिलेली पत्रं लाल पेनाने तपासून परत देतात आणि पुन्हा लिहायला लावतात, तिथला क्लास जरूर लाव. असा मिळाला नाही, तर मैत्रिणीशी वह्या बदला आणि एकमेकींची उत्तरं ग्राहक होऊन वाचा.

वरच्या कागदावरचं शेवटचं वाक्य मी मुद्दाम सोडलंय. एका गृहस्थांनी सगळी रक्कम भरली, 10 दिवस आधी सहल रद्द केली, आणि त्यांची जागा दुसऱ्या कोणाला विकली गेली. ‘त्यांना पूर्ण रक्कम परत मिळेल’ हे विधान ट्रू, फॉल्स की नॉट गिव्हन? त्या गृहस्थांना पाठवायचं चार ओळींचं उत्तर लिही आणि ते मला पाठव. मी तपासून परत पाठवते.

तुझी,
करिअर मार्गदर्शक