साठ वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांचा मृत्यू दाखला कसा काढायचा? पेपरातली निधनवार्ता चालते का?

तुम्ही लिहिलंय की आजोबा साठच्या दशकात कधीतरी वारले, तारीख घरात कुणालाच धड माहीत नाही, ग्रामपंचायतीने "आमच्याकडे नोंद नाही" असं तोंडी सांगून परत पाठवलं आणि सातबाऱ्यावरची वारस नोंद त्यामुळे अडकलीय. मी दोन वर्षांपूर्वी याच चक्रात होतो, म्हणून जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

मला चार हेलपाटे मारल्यावर कळलेली गोष्ट आधी सांगतो. मृत्यूची नोंद माणूस राहायला कुठे होता त्यावर होत नाही, जीव जिथे गेला तिथे होते. माणूस गावचा पण गेला पुण्याच्या ससूनमध्ये, तर नोंद पुणे महापालिकेकडे, गावाकडे नाही. मुंबईत गेला असेल तर ज्या वॉर्डाच्या हद्दीत गेला त्या वॉर्डाकडे. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. लहानपणापासून आजीच्या तोंडून ऐकत आलो, "मिरजंला नेलं ते माघारी आलंच न्हाईत." हे वाक्य शंभरदा ऐकलंय पण डोक्यात कधी प्रकाश पडला नाही की अरे, म्हणजे नोंद मिरजेला असणार. त्या काळात आमच्याकडचं कुणी फार आजारी पडलं की मिरजेच्या मिशन हॉस्पिटललाच न्यायचे, आणि मी इकडे गावच्या रजिस्टरमध्ये डोकं फोडत बसलो होतो. तेव्हा ऑफिसच्या पायऱ्या चढायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, ते गेले कुठे, घरात की दवाखान्यात, आणि अग्नी कुठे दिला.

मग तारीख. नुसतं "साठच्या दशकात" म्हणून कुठलाही क्लार्क दहा वर्षांची रजिस्टरं उपसणार नाही, आणि त्याचंही चुकत नाही. आमच्या आत्याला इंग्रजी तारीख माहीत नव्हती पण तिथी तोंडपाठ, वैशाख वद्य पंचमी. वर्ष विचारलं तर म्हणाली, पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला, म्हणजे आजोबा गेले १९६२ मध्ये, आणि त्या वर्षीची वैशाख वद्य पंचमी जुन्या पंचांगात पाहिली तर मेच्या चौथ्या आठवड्यात येते. पाच मिनिटांत दहा वर्षांचा पसारा एका आठवड्यावर आला! म्हाताऱ्या माणसांना असंच विचारायचं, गांधीवधाच्या जळिताच्या आधी की नंतर, कोयनेच्या भूकंपाच्या (डिसेंबर १९६७) आधी की नंतर, बहात्तरच्या दुष्काळात होते का. फक्त पितृपक्षातल्या म्हाळावरून तिथी काढताना जपून, सवाष्ण गेलेल्या बाईचा म्हाळ अविधवा नवमीला घालतात आणि तिथी माहीत नसेल तर सर्वपित्रीला, म्हणजे तो दिवस मृत्यूचा असेलच असं नाही.

दुसरा धागा फेरफार, म्हणजे जमिनीवरच्या नावांतल्या बदलाची नोंद. तुम्ही म्हणाल, वारस नोंदच झाली नाही तर फेरफार कुठला? पण बघा, आमची जमीन दोन गावांत होती, एका गावात वडिलांनी आणि चुलत्यांनी तेव्हाच नावं लावून घेतली होती, दुसऱ्या गावातली तशीच राहिली आणि तीच आता अडकली होती. पहिल्या गावच्या जुन्या फेरफारात चक्क "अमुक हे मे १९६२ मध्ये मयत, वारस खालीलप्रमाणे" असं लिहिलेलं निघालं. तुमच्याही आजोबांचं दुसरीकडे शेत, घर, भावाबरोबर सामाईक गट असं काही असेल तर तो फेरफार आणि गाव नमुना ६-क, म्हणजे वारसांची नोंदवही, नक्की काढा. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने फेरफार स्कॅन होऊन महाभूमीच्या 'आपले अभिलेख'वर आलेत, नाहीतर तहसीलला नकलेचा अर्ज करायचा.

आता मृत्यू गावातच झाला असेल तर. जन्म-मृत्यू नोंदणीचा आत्ताचा कायदा १९६९ चा, तो आपल्याकडे १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याच्या आधीची गावाकडची नोंद कोतवाल-पाटलांच्या काळातल्या जन्म-मृत्यू रजिस्टरात, म्हणजे गाव नमुना नं. १४ मध्ये. विदर्भात यालाच कोतवाल बुक म्हणतात. हे रजिस्टर बहुतेक वेळा ग्रामपंचायतीत नसतंच, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असतं, त्यामुळे ग्रामपंचायतीचं "नोंद नाही" ऐकून घरी येऊ नका. तहसीलला अर्ज टाका, गाव, साल आणि "गाव नमुना १४ ची नक्कल" असं स्पष्ट लिहा. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठीच्या शिंदे समितीच्या कुणबी नोंदींसाठी हेच गठ्ठे सगळीकडे सोडून बघितले गेले, त्यामुळे रेकॉर्ड रूमच्या लोकांना आता ते कुठे ठेवलेत हे निदान माहीत तरी आहे. फार जुनं असेल तर मोडी लिपी आडवी येते, मराठवाड्यात निजामाच्या काळातलं उर्दू आणि फसली साल, तिथे वाचणारा माणूस शोधावा लागतो. आणि नाव शोधताना पाळण्यातलं नाव धरून बसू नका. त्या रजिस्टरात "बापू", "नाना" असंच असतं, कारणाच्या रकान्यात ताप, जुलाब, पटकी, म्हातारपण, बास.

मी शेवटी मिरजेला गेलो. जुन्या मिरज नगरपालिकेचं रेकॉर्ड आता सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेकडे. अर्जात आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, मूळ गाव आणि "मे ते जुलै १९६२ या काळात शोध घ्यावा" असं लिहिलं, कारण नोंद मृत्यूच्याच दिवशी होते असं नाही, आठ-पंधरा दिवसांनी कुणी जाऊन सांगितलेलं असतं. कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शोध घेऊन उतारा मागता येतो, वकिलाची गरज नाही, फी किरकोळ आहे. दाखला मिळतो तो नमुना ६ मध्ये. त्याच्यावर मृत्यूचं कारण नसतं, ते उताऱ्यात द्यायचंच नाही असा कायदाच आहे, तेव्हा "कारण का नाही लिहिलं" म्हणून खिडकीवर भांडू नका (माझ्या पुढचे एक काका अर्धा तास भांडत होते).

ऑनलाइनचं म्हणाल तर आपले सरकार, सीआरएस (केंद्राचं जन्म-मृत्यू नोंदणीचं पोर्टल) वगैरे नव्या नोंदींसाठी ठीक, १९६२ ची नोंद तिथे सापडण्याची आशा धरू नका. आणि व्हॉट्सअपवर "दोन दिवसांत दाखला" म्हणणाऱ्या एजंटला चुकूनसुद्धा पैसे देऊ नका, खोट्या वेबसाइटवरून काढलेले बनावट दाखले पकडले गेलेत आणि मग निस्तरायला तुम्हालाच लागतं.

कुठेच नाही सापडलं तर? तोंडी नकार घेऊ नका, नमुना १० मागा, तो अनुपलब्धता दाखला. तो हातात असल्याशिवाय पुढची गाडी हलत नाही. मग एक वर्षाच्या वरची उशिराची नोंद म्हणून कलम १३ खाली अर्ज. पूर्वी हे काम न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात चालायचं, २०२३ च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकारी, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेले कार्यकारी दंडाधिकारी आदेश देतात. गावाकडचे काही वकील अजून जुन्याच रस्त्याने नेतात, तेवढं विचारून घ्या. २०२५ पासून आपल्याकडे या उशिराच्या नोंदींची छाननी बरीच कडक झालीय, तेव्हा पुरावे जाडजूड लागतात.

आणि इथेच तुमचा निधनवार्तेचा प्रश्न येतो. नुसत्या पेपरच्या कात्रणावर दाखला कुणी देणार नाही, पण उशिराच्या नोंदीसाठी जोडपुरावा म्हणून ते उपयोगी पडतं. आजोबा शिक्षक, व्यापारी, स्वातंत्र्यसैनिक, संस्थेतले कुणी असतील तर 'दुःखद निधन' छापून आलेलं असू शकतं. पुण्याकडे सकाळ, केसरी, कोल्हापूरकडे पुढारी, मुंबईत लोकसत्ता (महाराष्ट्र टाइम्स १९६२ मध्येच सुरू झाला). जुन्या फायलींसाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे नगर वाचन मंदिर, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर अशा ठिकाणी आधी फोन करून मग जा. साध्या शेतकऱ्याची बातमी तेव्हा कोण छापतंय? घरी यायचं ते कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड, आणि तेही वाचून लगेच फाडून टाकायची पद्धत.

शेतकऱ्याच्या बाबतीत मला जास्त भरवसा या गोष्टींचा वाटतो: गावच्या विकास सोसायटीचं प्रोसिडिंग बुक, सभासद वारला की दुखवट्याचा ठराव घ्यायचे आणि त्याला तारीख असते. ज्ञातीची मासिकं, त्यात निधनवार्तांचं पान असायचंच. आणि अस्थी नाशिकला नेल्या असतील तर रामकुंडावरच्या तुमच्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की ते पानं उलटत जातात आणि कोण, कधी, कुणाच्या अस्थी घेऊन आलं होतं ते समोर येतं.

माझ्या दाखल्यावर आजोबांचं नाव "बापू" असंच आलं, सातबाऱ्यावर वेगळं. दुरुस्तीच्या भानगडीत न पडता दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि तो जुना फेरफार जोडला, तलाठ्याने (आता म्हणे ग्राम महसूल अधिकारी, पण गावात कोण म्हणतंय) मान्य केलं. तुमच्याकडे मान्य होईलच असं नाही, कलम १५ खाली दुरुस्ती मागायची तयारी ठेवा. दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच काढून घ्या, बँक, तलाठी, सोसायटी सगळे स्वतंत्र मागतात.

क्लार्कने रजिस्टर वळवून माझ्यासमोर धरलं तेव्हा ती ओळ मी बघितली. निळी शाई फिकी पडलेली, वय ४१, कारण धनुर्वात. घरात सगळे आजवर ताप म्हणत आले होते. खबर देणाऱ्याच्या रकान्यात आजीच्या भावाचं नाव आणि पुढे त्याचा अंगठा.