ख्रिस्ती श्रद्धेनुसार न्याय मेल्याबरोबर होतो की जगाच्या अंती?

रोमन कॅथलिक शिकवणीप्रमाणे दोन्ही वेळी होतो: प्रत्येकाचा मरणानंतर लगेच, आणि ख्रिस्ताच्या पुनरागमनाच्या वेळी सर्वांचा एकत्र. या दुसऱ्या न्यायाचे वर्णन बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानात, मत्तय २५:३१-४६ मध्ये आहे. तेथे भुकेल्याला अन्न आणि तहानेल्याला पाणी दिले की नाही, हे पाहिले जाते. या न्यायाला विलंब का, हे मत्तय १३ मधील निदणाच्या (म्हणजे गव्हात उगवलेल्या तणाच्या) दाखल्यात कळते, जो वऱ्हाडातील आमच्या गावच्या उपासनेत वाचला की शेतकऱ्यांना जरा उलटाच वाटतो, कारण इथे निंदण वेळेवर झालेच पाहिजे आणि दाखल्यातला शेताचा धनी मात्र गहूही उपटला जाईल म्हणून कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या, असे सांगतो. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातील, प्रकटीकरण २० मधील ख्रिस्ताच्या सहस्र वर्षांच्या राज्याच्या अर्थाबद्दल मात्र ख्रिस्ती मंडळ्यांत एकमत नाही.