कन्सेन्ससला मराठीत काय म्हणायचं: एकमत, सहमती की संमती?

प्रश्न असा आलाय की एका ऑनलाइन स्वयंसेवी प्रकल्पाची नियमावली मराठीत आणताना 'डिसिजन बाय कन्सेन्सस'ला 'एकमताने निर्णय' लिहिलं तर चालेल का. माझ्या मते अजिबात चालणार नाही, कारण त्याने नियमच बदलतो.

एकमत म्हटलं की वेगळं मत असलेला एकही माणूस उरत नाही. अनोळखी माणसं जिथे आपापला वेळ काढून काम करतात तिथे असं क्वचितच घडतं, आणि नियमात 'एकमताने' असं लिहून ठेवलं की अडून बसलेला एकटा माणूस सगळं रोखून धरू शकतो. बहुमत दुसऱ्या टोकाला जातं, मतं मोजायची तर आधी मतदार कोण हे ठरवायला हवं, ऑनलाइन ते जमत नाही, एकजण चार खाती काढून येतो तर दुसरा ओळखीच्यांना गोळा करून आणतो. मराठी विकिपीडियावर 'कौल' वापरतात, शब्द मला फार आवडतो, पण कौल म्हटलं की निवडणूक आणि आकडेच डोळ्यासमोर येतात.

इंग्रजी विकिपीडियावर लेख ठेवायचा की काढायचा याची चर्चा साधारण ७ दिवस चालते, लोक 'ठेवा', 'वगळा' असं ठळक लिहितात, दिसायला मतदानच, पण चर्चा बंद करणारा डोकी मोजत नाही, कोणाचं म्हणणं नियमाला आणि संदर्भांना धरून आहे ते बघतो. तिथली मंडळी 'व्होट'च्या आधी उद्गारचिन्ह टाकतात, प्रोग्रामिंगमध्ये त्या चिन्हाचा अर्थ 'नाही', म्हणजे हे मत धरू नका, म्हणणं धरा.

इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये तर औपचारिक सदस्यत्वच नाही, मग मतदान कोण करणार? तिथे १९९२ मध्ये इंटरनेट घडवणाऱ्यांपैकी एक संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी जे सांगितलं ते अजून प्रमाण मानतात, राजे नकोत, अध्यक्ष नकोत, मतदान नको, ढोबळ सहमती आणि चालणारा कोड हवा. २०१४ चं आरएफसी ७२८२ (आयईटीएफच्या क्रमांक दिलेल्या दस्तऐवजांपैकी एक) यावरच आहे आणि त्यातला एक मुद्दा मला फार मोलाचा वाटतो: शंभर बाजूने आणि पाच विरोधात असले तरी सहमती झाली असं म्हणता येईलच असं नाही, कारण त्या पाचांच्या आक्षेपाला कोणी उत्तरच दिलेलं नसेल. आणि उलटही, ज्याचं उत्तर आधीच देऊन झालंय तोच आक्षेप घेऊन शंभरजण आले, नवीन काहीच म्हणाले नाहीत, तर पाचांच्या बाजूनेही ढोबळ सहमती असू शकते.

म्हणून मी 'सहमती' सुचवेन, पण खरं काम 'हरकत' हा शब्द करतो. आपण रोज म्हणतो ना, "मला पटलेलं नाही, पण माझी हरकत नाही", कन्सेन्ससला नेमकं एवढंच लागतं. शिवाय हरकत घेता येते, मागे घेता येते, निकाली काढता येते, म्हणजे अख्खी प्रक्रिया मराठीत तयारच आहे, आणि विकिपीडियावरच्या 'रिक्वेस्ट फॉर कमेंट'ला (एखाद्या मुद्द्यावर इतरांची मतं मागवणं) 'हरकती व सूचना' हा आपला जाहिरातीतला नेहमीचा शब्दप्रयोग चपखल बसतो.

संमती मात्र वेगळी. संमती म्हणजे परवानगी, होकार. ती एका खास ठिकाणी शोभते, मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अपाची फाउंडेशनच्या प्रकल्पांत 'लेझी कन्सेन्सस' असतं तिथे: प्रस्ताव मांडायचा, साधारण ७२ तास थांबायचं (लोक जगभर विखुरलेले, नोकऱ्या सांभाळून येणारे), कोणी बोललं नाही तर पुढे जायचं. याला 'आळशी सहमती' कृपया लिहू नका, 'मौन संमती' हा रुळलेला शब्द असताना कशाला? तिथेच कोडमधल्या बदलाला कोणी 'उणे एक' (म्हणजे विरोधाचं मत) दिला तर बदल थांबतो, पण तांत्रिक कारण द्यावं लागतं, नाहीतर तो धरत नाहीत, त्यामुळे 'नकाराधिकार' पेक्षा 'सकारण हरकत' जास्त बरोबर.

आणखी एक, 'नो कन्सेन्सस'चं 'असहमती' करू नका. असहमती म्हणजे विरोध. इथे अर्थ एवढाच की चर्चा कुठल्याच बाजूला झुकली नाही, आणि तेव्हा सहसा आहे तसंच राहतं, लेख असेल तर लेख राहतो. 'सहमती झाली नाही' असं सरळ लिहा आणि पुढच्याच वाक्यात, तेव्हा काय करायचं तेही लिहा.