सायकली टपावर की गाडीच्या मागे?

प्रश्न : आमच्या हॅचबॅकने दोन सायकली पुण्याहून पाचगणीला न्यायच्या आहेत. टपावरचा रॅक घ्यावा की मागे टो-हुकाला (ट्रेलर ओढण्यासाठी गाडीच्या मागे बसवतात त्या हुकाला) लागणारा?

उत्तर : तुमच्या गाडीला टो-हुक नसेल, तर तो बसवून घेण्याच्या खटाटोपापेक्षा टपावरचा रॅक बरा, मात्र गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टपाच्या भारमर्यादेत सायकलींबरोबर रॅकचेही वजन धरावे लागते. हुकावरच्या रॅकसाठी सायकल फार उंच उचलावी लागत नाही आणि वाऱ्याचा अडथळाही कमी होतो, परंतु नंबरप्लेट व मागचे दिवे झाकले गेल्यास पोलीस अडवू शकतात. टपावर सायकली असताना गाडी सवयीने तळघरातील पार्किंगमध्ये घालणे फार महागात पडते. त्यासाठी स्टिअरिंगवर सरळ चिठ्ठी चिकटवावी. पसरणी घाट चढण्यापूर्वी वाईत थांबून चाकांचे पट्टे पुन्हा आवळावेत.