वेल मांडवभर, घड मात्र एकही नाही

प्रश्न : नर्सरीतून ‘अंगूर’ म्हणून आणलेली वेल चार वर्षांत पोर्चवरून गच्चीच्या कठड्यापर्यंत गेली आहे. पानं हिरवीगार, सावली उत्तम, पण आजवर एकही घड नाही. शेणखत घालतो, दोनदा डीएपी हे रासायनिक खतही दिलं. ही नर वेल तर नसेल? (सुदामानगर, इंदूर)

नर नाही, निश्चिंत राहा. लागवडीतल्या बहुतेक सगळ्या जातींच्या एकाच फुलात स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही असतात. तुमच्या पत्रात खताचा उल्लेख दोनदा आहे, कात्रीचा मात्र एकदाही नाही, आणि दुखणं तिथेच आहे. या सदराकडे द्राक्षाची जी पत्रं येतात त्यातली बरीच याच तक्रारीची असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

द्राक्षाचा घड येतो नव्या फुटीवर, आणि ती फूट निघावी लागते मागच्या हंगामात पिकलेल्या, तपकिरी झालेल्या काडीच्या डोळ्यातून, म्हणजे पेरावरच्या अंकुरातून. नोव्हेंबरात जो घड तुम्हाला दिसायला हवा, त्याचा निकाल मे-जूनमध्येच त्या डोळ्यात लागलेला असतो. तेव्हा डोळ्यात जो इवलासा कोंब असतो, त्याचा घडही होऊ शकतो आणि बाळीही (आधाराला वेढे घेणारा तणावा). डोळ्यावर ऊन पडलं, काडी पोसलेली असली, तर घड. दाटी आणि सावली असली, तर बाळी. वेलीपाशी उभं राहून नीट बघा: पानाच्या बरोबर समोरून वळणं घेत जी बाळी निघते, घडही त्याच जागेवरून निघतो. एखाद्या बाळीच्या टोकाला चार-दोन मणी लटकलेलेही सापडतील. तो घडच होता, वाटेत जिरला. तुमच्या मांडवावर पानांवर पानं चढली आहेत, आतल्या डोळ्यांना ऊन मिळतच नाही. त्यावर डीएपीतलं नत्र मिळालं की पाला आणखी माजतो.

आता करायचं काय? पाडवा झाला की एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात खरड छाटणी करा. नाशिक-सांगलीकडचे बागाईतदार वर्षात दोन छाटण्या करतात, एप्रिलची खरड (नव्या काड्या तयार करण्यासाठी) आणि ऑक्टोबरची गोड (घडांसाठी). आपल्या माळव्यातही घरच्या वेलीला हाच क्रम मला योग्य वाटतो. एक सरळ खोड ठेवा, त्याला मांडवावर दोन बाजूंना दोन ओलांडे, म्हणजे आडवे हात, बाकी सगळा गुंता काढून टाका. ओलांड्यावरच्या प्रत्येक काडीला एक किंवा दोन डोळे राखून वरचं कापा. वेल बोडकी दिसेल, पोर्चवरची सावली ऐन उन्हाळ्यात महिनाभर जाईल, घरातले नाराजही होतील. तरी करा. त्या दिवसांत पारा चाळिशीपार असतो, म्हणून पाणी चुकवू नका आणि बुंध्याशी पाचटाचं किंवा वाळल्या पानांचं आच्छादन घाला.

आठ-दहा दिवसांत डोळे फुगून फुटतात, आणि खरं काम इथून पुढे असतं. फुटी दाटीवाटीने आल्या तर दोन फुटींत वीतभर अंतर राखून बाकीच्या कोवळ्या असतानाच खुडा. पानाच्या बेचक्यातून येणाऱ्या बगलफुटीही काढत राहा. मे महिन्यात भर दुपारी मांडवाखाली जमिनीवर उन्हाचे कवडसे पडत असतील तर विरळणी बरोबर झाली म्हणायची. गडद सावली असेल तर अजून हात चालवा.

ऑक्टोबरात, नवरात्र उठलं आणि पाऊस नक्की गेला की गोड छाटणी. आठवडाभर आधी पाणी तोडा आणि पानं हातांनी उतरवा. फार लवकर छाटलीत तर परतीचा पाऊस कोवळ्या फुटीवर येतो, नोव्हेंबरात ढकललीत तर फूट थंडीत अडकून बसते. किती डोळ्यांवर कापायचं ते जातीवर ठरतं. थॉम्पसन आणि तिच्या कुळातल्या बिनबियांच्या जातींत बुडाकडचे डोळे बहुधा वांझ असतात, घड पुढच्या डोळ्यांत असतो, म्हणून आठ-दहा डोळे ठेवावे लागतात. बंगलोर ब्ल्यूसारखी जात तीन-चार डोळ्यांवरही फळते. तुमच्या वेलीची जात तुम्हाला ठाऊक नाही, तेव्हा निम्म्या काड्या आखूड कापा, निम्म्या लांब. घड कोणत्या काड्यांवर आले ते दिसलं की जात कोणती का असेना, पुढच्या वर्षीचं माप तुम्हाला कळलं. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून बागाईतदार हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते औषध घातक आहे, राहत्या घरात आणूच नका.

डीएपी बंद. दोन्ही छाटण्यांच्या वेळी बुंध्यापासून हातभर लांब दोन-तीन घमेली चांगलं मुरलेलं कंपोस्ट पुरेल. ते तर आपल्या गावचंच शास्त्र आहे. अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इथल्या वनस्पती उद्योग संस्थेत, म्हणजे आजच्या कृषी महाविद्यालयाच्या आवारात, पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर देऊन, ढीग वरचेवर पालटून, तीनेक महिन्यांत खत तयार करण्याची रीत बसवली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. अंगणात खड्ड्यापुरती जागा असेल तर जरूर करून बघा.

प्रश्न : जानेवारीअखेर आडव्या आलेल्या दोन फांद्या कापल्या. आता कापलेल्या टोकातून रात्रंदिवस पाणी ठिबकतंय, खाली फरशी ओली राहते. वेल मरेल का? (राजेंद्रनगर)

नाही, ताई. जमीन उबदार होऊ लागली की मुळं पाणी वर ढकलतात, आणि टोक उघडं असेल तर ते तिथून गळतं. पाण्यासारखं स्वच्छ असतं, चिकट नसतं. डोळे फुटून पानं आली की आपोआप थांबतं. कापडं बांधू नका, मेण लावू नका. कापलेली जागा अंगठ्याहून जाड असेल तर गळणं थांबल्यावर बोर्डो पेस्ट लावा: 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), 100 ग्रॅम कळीचा चुना, एक लिटर पाणी.

प्रश्न : पावसाळ्यात पानांवर पिवळे डाग पडतात, मग पानं करपून गळतात. शेजारी म्हणतात भुरी आहे, गंधक मारा. (लोकमान्यनगर)

फवारणीआधी पान तोडून दोन्ही बाजूंनी बघा. वरून तेलाचा थेंब सांडल्यासारखा पिवळट, अर्धपारदर्शक डाग आणि बरोबर त्याच जागी पानाखाली पांढरी लव असेल, तर तो केवडा, म्हणजे डाऊनी मिल्ड्यू. सकाळी दव असताना ती लव स्पष्ट दिसते. भुरी पानाच्या वरच्या अंगालाही राखेसारखी पसरते आणि बोटाने पुसली जाते. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा केवडाच दिसतो, आणि केवड्यावर गंधकाचा उपयोग नाही.

त्याला बोर्डो मिश्रण. फ्रान्समधल्या बोर्दो इथे मिलार्दे यांनी 1885 मध्ये ते पुढे आणलं ते द्राक्षावरच्या याच रोगासाठी. पावसाळ्यातल्या पक्व पानांना लिटरमागे 10 ग्रॅम मोरचूद आणि 10 ग्रॅम कळीचा चुना, ऑक्टोबरनंतरच्या कोवळ्या फुटीला दोन्ही निम्मे. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवा, लोखंडाचं भांडं नको. चुन्याच्या दुधाळ पाण्यात मोरचुदाचं पाणी हळूहळू ओता. मग स्वच्छ खिळा त्यात बुडवून काढा: त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, आणखी घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा. मणी फुगू लागले की फवारा बंद. रोगट पानं घरच्या खतात घालू नका, ओल्या कचऱ्याच्या गाडीत द्या.

भुरी नोव्हेंबरपुढे येते. तेव्हा पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम चालेल, फक्त पारा 35 च्या वर असताना मारू नका, पानं भाजतात.

ज्यांना फवाऱ्याची भानगड कमी ठेवायची आहे, त्यांनी बंगलोर ब्ल्यू लावावी. साल जाड, बिया आहेत, वास कस्तुरीसारखा उग्र, पण करप्याला ती बरीच दाद देत नाही; केवडा मात्र तिलाही होतो. माझं मत विचाराल तर घराला तीच बरी.

प्रश्न : फ्लॅटची गच्ची आहे, जमीन नाही. कुंडीत द्राक्ष येईल? (विजयनगर)

येईल, पण कुंडी म्हणजे निदान 60 लिटरचा ड्रम, जमलं तर 100 चा. भरल्यावर 100 लिटरच्या ड्रमचं वजन दीडशे किलोच्या आसपास जातं, तेव्हा तो तुळईवर किंवा खांबाच्या माथ्यावर ठेवा आणि सोसायटीला विचारून ठेवा. नुसती काळी माती भरू नका. ती पाणी धरून बसते, मुळं गुदमरतात. काळी माती एक भाग, बारीक मुरूम किंवा जाड वाळू एक भाग, कंपोस्ट एक भाग. एप्रिल-मेमध्ये ड्रमभोवती ओलं पोतं गुंडाळा. इथे ऊन वेलीपेक्षा मुळांना जास्त मारतं. पानांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या तर बोअरचं खारट पाणी हे कारण असू शकतं, शक्यतो नर्मदेच्या नळाचं द्या. छाटणी वरच्याच क्रमाने, फक्त ओलांडे आखूड. पहिल्या पिकाला पाच-सहाच घड ठेवा, बाकीचे मणी मोहरीएवढे असतानाच कापा.

प्रश्न : यंदा प्रथमच घड धरले. हिरवे होते तेव्हाच पोपट आणि खारी येऊ लागल्या, म्हणून तोडून आणले आणि तांदळात ठेवले. आठवडा झाला, आंबटच आहेत. (तिलकनगर)

काका, द्राक्ष आंब्यासारखं अढीत पिकत नाही. तोडलं त्या घडीला जेवढी गोडी, तेवढीच राहते. या घडांचा सरबताला किंवा चटणीला उपयोग करा. पुढच्या वेळी मण्यांत पाणी भरू लागलं की प्रत्येक घडाला कागदी किंवा मलमलची पिशवी चढवा, तोंड देठाशी सैल बांधा. प्लास्टिकची नको, आत घाम धरतो. गोडी घडाच्या खांद्याकडून टोकाकडे उतरते, त्यामुळे वरचा मणी चाखून फसगत होते. पिशवी सोडवून अगदी खालच्या टोकाचा मणी तोंडात टाका. तो गोड लागला तरच घड कापा, तोही सकाळी ऊन चढायच्या आत, देठासकट, कात्रीने.