त्या अठरा वर्षांच्या विंगरबद्दल, आणि एकूणच

प्रिय मित्रा,

त्या अठरा वर्षांच्या विंगरवरचा (मैदानाच्या कडेने खेळणारा फॉरवर्ड) तुझा स्काउटिंग रिपोर्ट वाचला, क्लिप्सही बघितल्या सगळ्या. मेहनत दिसतेय, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण शेवटी तू लिहिलंयस की पोरगा सध्या तुफान फॉर्मात आहे म्हणजे पोटेन्शियल मोठंच असणार, तिथे माझं गाडं अडलं. फॉर्म म्हणजे गेल्या काही आठवड्यांत काय झालं, आणि ते एकट्या त्याच्यामुळे झालेलं नसतं, टीम कशी खेळतेय, कोचने त्याला कुठे उभं केलंय, समोर कोण होतं, बॉल पोस्टला लागून आत गेला की बाहेर, सगळं त्यात मिसळलेलं असतं. पोटेन्शियल म्हणजे अजून न आलेल्या अडचणीवर हा पोरगा काय तोड काढेल याचा अंदाज. पहिल्यावरून दुसरं आपोआप निघत नाही. उलट बऱ्याचदा वाईट फॉर्म चालू असतानाच पोरगा जास्त कळतो.

आधी फॉर्मचंच घेऊ. सहा मॅचमध्ये पाच गोल, ठीक. त्यातल्या दोन पेनल्टी आहेत हे तू लिहिलंच नाहीस. पेनल्टीचा एक्सजी (शॉट गोल होण्याची शक्यता) साधारण ०.७५ ते ०.८ धरतात, म्हणजे चारातल्या तीन पेनल्टी बरा खेळाडू मारतोच, त्यावरून ओपन प्लेमधलं, म्हणजे चालू खेळातलं, काही कळत नाही. तिसरा गोल डिफेंडरच्या पायाला लागून वळला. उरले दोन, ते मात्र खरंच सुंदर आहेत. आता गोल थोडे बाजूला ठेव आणि बघ की तो दर मॅचला किती शॉट घेतोय, कुठून घेतोय, बॉक्समध्ये किती वेळा पोचतोय. चांगल्या जागी पोचायची सवय टिकते, फिनिशिंगची लॉटरी मात्र दोन महिने लागली तरी नंतर उतरते. म्हणूनच आठ मॅच गोल नसलेला पण दर मॅचला दोन-तीन चांगल्या संधीपर्यंत पोचणारा स्ट्रायकर दिसला तर त्याला फॉर्म नाही म्हणून खोडून टाकू नकोस, मला तर असे खेळाडू स्वस्तात मिळतात म्हणून आवडतात.

मिनिटांचं पण बघ. दर ९० मिनिटांचे आकडे काढायची पद्धत चांगली आहे, पण जो पोरगा सत्तराव्या मिनिटाला सब (बदली) म्हणून येतो त्याच्यासमोर दमलेले फुलबॅक (कडेचे डिफेंडर) असतात, स्पेस उघडी पडलेली असते, मग त्याचे दर ९० चे ड्रिबल आणि शॉट फुगलेले दिसणारच. साधारण ९०० मिनिटं होईपर्यंत मी आकड्यांना नुसता इशारा समजतो, पुरावा नाही. आणि लीग कुठली, अंडर-२१ ची की सीनियर, हे तर पहिल्याच ओळीत यायला हवं. अंडर-२१ मध्ये सेंटर बॅक (मधला डिफेंडर) पण वीस वर्षांचाच असतो, त्याची पण चूक होते. सीनियरमध्ये तीस वर्षांचा डिफेंडर पोराला खांदा मारतो, शर्ट धरतो, रेफ्रीशी गप्पा मारतो, आणि पोराला बॉल मिळूच देत नाही.

आता मला खरं जे सांगायचंय ते. नवीन पोरगा सीनियर टीममध्ये येतो तेव्हा पहिल्या काही मॅच त्याला कोणी ओळखत नसतं. तो डाव्या पायाचा आहे, उजवीकडून आत वळतो, हे समोरच्यांना मैदानात कळतं आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो. मग आठ-दहा मॅचनंतर प्रत्येक अपोनंटच्या व्हिडिओ ॲनालिस्टकडे त्याच्या क्लिप्स असतात. फुलबॅक त्याला आतली बाजू बंद करून साइडलाइनकडे ढकलतो, मिडफिल्डर मदतीला येतो, आणि पोराचे ड्रिबल अडकायला लागतात. लोक म्हणतात फॉर्म गेला. माझ्या मते तुझं काम तिथून सुरू होतं. पहिल्यांदा अडकला, ठीक. दुसऱ्यांदा तसाच अडकला, तेही ठीक. तिसऱ्या वेळी तो काय करतो ते बघ. बॉल घ्यायला खाली येतो का, आधीच एका टचमध्ये देऊन पाठीमागे पळतो का, लाइनवरून जाऊन कमजोर पायाने क्रॉस टाकून बघतो का, भले क्रॉस स्टँडमध्ये गेला तरी चालेल. की तीच हुलकावणी देऊन तिथेच बॉल घालवतो आणि हात वर करून रेफ्रीकडे बघतो. एकाच प्रॉब्लेमला दिलेली उत्तरं बदलत असतील तर मी त्या पोरावर पैसे लावायला तयार आहे, रिझल्ट अजून नसला तरी. ह्यासाठी एक मॅच बघून चालत नाही, दीड-दोन महिन्यांच्या अंतराने तोच पोरगा पुन्हा बघावा लागतो, शक्यतो त्याच टाइपच्या अपोनंटसमोर. हायलाइट्समध्ये ह्यातलं काही दिसत नाही, कारण हायलाइट्स कापणारा अडकलेला बॉल ठेवतच नाही.

तू विचारलं होतंस की वयोगटातल्या मोठ्या स्पर्धांवर किती भरवसा ठेवायचा. २०१७ चा अंडर-१७ वर्ल्डकप घे. फायनल कोलकात्यात झाली, इंग्लंड स्पेनसमोर ०-२ मागे होतं आणि ५-२ जिंकलं. त्या स्पर्धेत रियान ब्रूस्टरने ८ गोल मारले, त्यात क्वार्टर फायनल आणि सेमी फायनलला हॅटट्रिक, सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट त्याला. सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल फिल फोडनला. तेव्हा कोणी नुसता आकडा बघितला असता तर ब्रूस्टरचं नाव वर लिहिलं असतं, आणि त्यात त्याची काही चूक पण नव्हती. पुढे काय झालं तर २०१८ च्या जानेवारीत त्याला घोट्याची आणि गुडघ्याची मोठी इंज्युरी झाली आणि वर्षाहून जास्त काळ गेला. मग स्वान्सीला लोनवर (तात्पुरता दुसऱ्या क्लबकडून खेळायला) जाऊन २२ मॅचमध्ये ११ गोल, परत सगळे खूष, त्यावर शेफील्ड युनायटेडने मोठी रक्कम मोजून घेतला आणि पहिल्या प्रीमियर लीग सीझनला एकही लीग गोल नाही. टीम तळाला होती, बॉक्समध्ये बॉल येतच नव्हता. आता ह्यातलं पोटेन्शियल किती, शरीर किती, टीम किती, कोण वेगळं करून सांगणार? फोडन मात्र त्याच्या मँचेस्टर सिटीतच राहिला, सुरुवातीला फार मिनिटं मिळत नव्हती, बाहेर ओरड होती की लोनवर पाठवा, आणि २०२३-२४ ला तो प्रीमियर लीगचा प्लेअर ऑफ द सीझन झाला. त्याचं मूळ कौशल्य कुठलं, तर गर्दीत बॉल घेऊन अर्धं वळणं. ते पायाच्या वेगावर कमी आणि आधी बघून ठेवण्यावर जास्त अवलंबून असतं, त्यामुळे लेव्हल वाढली तरी ते सोबत येतं. नुसता वेग वर गेल्यावर सगळ्यांकडेच असतो.

म्हणून बॉल त्याच्याकडे नसताना त्याला बघ. निदान एक वीस मिनिटं बॉलकडे बघूच नकोस, फक्त त्याच्याकडे बघ. पास यायच्या आधी तो खांद्यावरून मागे किती वेळा नजर टाकतो? बार्सिलोनाचा मिडफिल्डर होता त्या शावीचे जुने व्हिडिओ काढ, डोकं सतत फिरत असतं, आणि म्हणूनच त्याला बॉल आला की घाई दिसत नाही. मग पहिला टच, तो बॉल थांबवतो की पुढच्या कामाच्या दिशेने नेतो. बॉल गेल्यावरचे पाच सेकंद. टीम १-० ने मागे असताना तो बॉल मागतो की लपतो (लपणं म्हणजे डिफेंडरच्या सावलीत उभं राहणं, दिसतो धावताना पण पास देताच येत नाही असा). हे सगळं स्टेडियममधून नीट दिसतं, टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे असतो म्हणून तिथे अर्धं कळतच नाही, तेव्हा जमेल तितकं मैदानात जाऊन बघ.

शरीराबद्दल तुझ्या रिपोर्टमध्ये एकच ओळ आहे, "फिजिकली स्ट्राँग". हे पुरत नाही. मुलांची उंची सगळ्यात झपाट्याने साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास वाढते, पण कोणाची बाराव्या वर्षी, कोणाची सोळाव्या. लवकर वाढलेला पोरगा अकॅडमीत सगळ्यांना ढकलून गोल मारतो आणि सगळे त्याला स्टार म्हणतात, मग अठराव्या वर्षी बाकीचे त्याच्याएवढे होतात आणि त्याच्याकडे दुसरी काही युक्तीच नसते कारण कधी लागलीच नाही. त्यात जन्मतारखेचा घोळ. युरोपात बऱ्याच ठिकाणी वयोगट १ जानेवारीला बदलतो, इंग्लंडच्या अकॅडमींत १ सप्टेंबरला, आणि कट-ऑफनंतर लगेच जन्मलेली पोरं अकॅडमीत कायम जास्त भरलेली असतात, कारण अकरा महिन्यांनी मोठा पोरगा दहाव्या वर्षी चांगलाच दिसणार. तेव्हा वयोगटाच्या वर्षाच्या शेवटी जन्मलेला, लहानखुरा, तरी टीममध्ये टिकून असलेला पोरगा दिसला की मी दोनदा बघतो. ग्रीझमनला लहान चणीचा म्हणून फ्रान्समधल्या अकॅडमींनी नाकारलं, तो तेराव्या-चौदाव्या वर्षी स्पेनला रेआल सोसिएदादकडे गेला आणि २०१८ ला फ्रान्सकडून वर्ल्डकप जिंकला. आणि वाढीच्या झपाट्यात असलेला पोरगा काही महिने अडखळतो, पाय लांब झालेले असतात, टच बिघडतो, त्या काळातला रिपोर्ट तर मी सरळ बाजूला ठेवतो.

लोड पण बघ. बार्सिलोनाच्या पेद्रीने २०२०-२१ मध्ये क्लब, युरो आणि ऑलिंपिक मिळून ७० हून जास्त मॅच खेळल्या, वय अठरा, आणि पुढचा सीझन मांडीच्या दुखण्यात गेला. अठरा-एकोणीसचा पोरगा मार्चमध्ये ढेपाळलेला दिसला तर आधी त्याची मिनिटं मोज, मग फॉर्मबद्दल बोल.

ॲटिट्यूड हा शब्द मात्र रिपोर्टमध्ये लिहू नकोस, मला त्याची चीड आहे. "ॲटिट्यूड चांगला" म्हणजे काय? शांत पोराला लोक आळशी म्हणतात आणि ओरडणाऱ्याला लीडर. त्यापेक्षा जे दिसलं ते लिही, सब केल्यावर काय केलं, चूक झाल्यावर पुढचा पास पुढे दिला की मागे, ट्रेनिंगनंतर कमजोर पायावर काम करतो का, कोचला प्रश्न विचारतो का.

पोझिशननुसार घड्याळ पण वेगळं चालतं. विंगर सतराव्या वर्षी खेळू शकतो, स्पेनच्या लामीन यमालने युरो २०२४ च्या सेमी फायनलला फ्रान्सविरुद्ध गोल मारला तेव्हा तो १६ वर्षांचा होता. पण सेंटर बॅक आणि गोलकीपर यांना त्याच वयावर तोलू नकोस, त्यांची चूक थेट गोल होते म्हणून कोच उशिरा विश्वास टाकतात, आणि त्यांचं काम बरंचसं अनुभवानेच येतं. यमालसारखा एखादा येतो आणि मग दहा वर्षं सगळे प्रत्येक सोळा वर्षांच्या पोरात तेच शोधत बसतात, हा एक वेगळाच ताप आहे.

उशिरा येणाऱ्यांचं पण ध्यानात असू दे. २०१३ मध्ये लेस्टर दुसऱ्या डिव्हिजनला होतं आणि त्यांच्या बेंचवर हॅरी केन आणि जेमी वार्डी बसायचे. केन स्पर्सकडून (टॉटनहॅम) लोनवर आलेला, वार्डी शेफील्ड वेन्सडेने सोळाव्या वर्षी सोडलेला आणि नॉन-लीगमधून (व्यावसायिक लीगखालच्या छोट्या क्लबांतून) वर आलेला. त्या वेळी फॉर्म बघून कोणीही दोघांवर काट मारली असती. २०१५-१६ ला केनने लीगमध्ये २५ गोल मारून गोल्डन बूट घेतला, वार्डीने २४ मारले आणि लेस्टर चॅम्पियन. मात्र ह्यावरून बेंचवरचा प्रत्येक पोरगा केन असतो असंही समजू नकोस, बहुतेक बेंचवरचे बेंचवरचेच असतात, म्हणून तर परत परत बघावं लागतं.

आता तुझ्या विंगरचं. क्लब त्याला लोनवर पाठवायचा विचार करतोय असं तू म्हणतोस, आणि तुला मत विचारलंय. वरच्या लीगचं मोठं नाव बघून हो म्हणू नकोस. ओडेगार्ड १६ व्या वर्षी रेआल माद्रिदला गेला, मग हेरेनवेन, व्हितेस, रेआल सोसिएदाद अशा लोनवर फिरला, आणि त्यातलं जे कामी आलं ते म्हणजे तिथे तो त्याच्या जागी, दर आठवड्याला खेळला. तेव्हा आधी हे विचार की तिथला कोच विंगर वापरतो का की तीन सेंटर बॅक आणि विंगबॅक (कडेला बचाव आणि हल्ला दोन्ही करणारे) लावून पोराला पन्नास मीटर मागे पळवणार, त्याच्या जागेवर आधीच कोण आहे, त्याचं काँट्रॅक्ट किती उरलंय, आणि तो कोच डिसेंबरपर्यंत तरी नोकरीवर टिकणार आहे का, कारण नवीन कोच आला की लोनवरचे पोरगे सगळ्यात आधी बेंचवर जातात. ही चार उत्तरं मिळाली की मला फोन कर, रविवारी दुपारनंतर मी मोकळा आहे.

तुझा,
दादा