पॅनेलमध्ये साप बसलेला होता, परत येऊ नये म्हणून काय फवारू?

काहीच फवारू नका, हे आधी सांगतो. तुम्ही लिहिलंय की पंपाचं पॅनेल उघडलं तर खाली केबलच्या वेटोळ्यावर साप बसलेला, घाबरून दार लावलं, दुसऱ्या दिवशी तो नव्हता आणि आता फिनाइल मारू की दुसरं काही. मी बरीच वर्षं पॅनेल मेंटेनन्सचं काम करतोय. चालू पॅनेलमध्ये लिक्विड उडवणं सापापेक्षा धोक्याचं आहे, बसबारवर (वीज वाहणाऱ्या उघड्या धातूच्या पट्ट्यांवर) पडलं तर फ्लॅश म्हणजे ठिणगीचा भडका होतो आणि तुमचा चेहरा अगदी समोर असतो. शिवाय वासाने साप लांब राहतो यावर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

साप येतो कशाला ते बघा. त्याचं अंग स्वतःहून गरम राहत नाही, ऊब बाहेरून घ्यावी लागते, आणि पॅनेल म्हणजे कोरडं, अंधारं, कायम थोडं कोमट असलेलं कपाट, त्यात ओल धरू नये म्हणून आत हीटर लावलेला असेल तर विचारूच नका. दुसरं कारण खाणं. पॅनेलच्या वर दिवा असतो, दिव्यावर किडे येतात, किड्यांमागे पाली आणि पालींमागे साप. नाहीतर केबल ट्रेंचमधून (केबल टाकलेल्या चरातून) उंदीर येतात आणि त्यांच्यामागे साप. म्हणून पॅनेल उघडलं की मी आधी बाकीच्यांच्या खुणा शोधतो, एमसीबीच्या (आपोआप ट्रिप होणाऱ्या स्विचच्या) मागे चिकटलेली पालीची पांढरी वाटोळी अंडी, कोपऱ्यात लेंड्या, वायरच्या इन्सुलेशनवर दातांचे बारीक चरे. एकदा इनकमर म्हणजे सप्लाय आत आणणाऱ्या केबलच्या ग्लँडला (पॅनेलच्या भोकात केबल धरून ठेवणाऱ्या कडीला) अख्खी कात अडकलेली सापडली, ग्लँडच्या धारेवर अंग घासून काढलेली, डोळ्यांवरचे पारदर्शक खवलेसुद्धा शाबूत, आणि तिच्याखाली धुळीने मळलेली आणखी एक जुनी कात. म्हणजे बरेच दिवस मुक्काम होता आणि कुणाला पत्ताच नव्हता.

आता शॉर्ट कसा होतो. तारेवर बसलेल्या पक्ष्याला काही होत नाही कारण दोन्ही पाय एकाच तारेवर, व्होल्टेजचा फरकच नाही. साप पडला लांब. शेपूट ट्रान्सफॉर्मरच्या टाकीवर म्हणजे अर्थवर आणि तोंड बुशिंगच्या (टाकीतून तार बाहेर आणणाऱ्या इन्सुलेटरच्या) वरच्या टोकाला, की संपलं. ११ केव्हीच्या (म्हणजे दोन फेजमध्ये ११,००० व्होल्ट असलेल्या) लाइनवर फेज आणि अर्थमध्ये साधारण ६,३५० व्होल्ट असतात, आणि बुशिंगने जे अंतर राखलेलं असतं तेच साप अंगाने जोडून टाकतो. प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर मालाबरोबर एक तपकिरी झाडसाप पोचला, १९७८ ते १९९७ या वीस वर्षांत त्याच्यामुळे तिथे १,६०० पेक्षा जास्त वेळा वीज गेली. मार्च २०१३ मध्ये जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुप्रकल्पात वापरलेल्या इंधनाच्या टाक्यांचं कूलिंग बंद पडलं, तिथे तात्पुरत्या स्विचबोर्डमध्ये उंदीर शिरला होता.

आणि एक गोष्ट हमखास राहून जाते. साप जळाला, काढला, सप्लाय चालू केला, झालं काम असं वाटतं, पण इन्सुलेटरवर कार्बनचा काळा पट्टा उरतो, तो नीट साफ केला नाही किंवा इन्सुलेटर बदलला नाही तर दमट हवेत त्याच वाटेने परत फ्लॅश होतो, तेव्हा साप नसतोच आणि वायरमन बिचारा कारण शोधत बसतो.

परत दिसला तर काठी घालू नका. आतला मेन ऑफ केला तरी त्याच्या इनकमिंग टर्मिनलला सप्लाय असतोच, त्यामुळे पॅनेलला जिथून फीड येतो तिथून बंद करायला हवा. मग लांब उभं राहून नजर ठेवा आणि सर्पमित्राला बोलवा. बिनविषारी आहे हे स्वतः ठरवू नका, पालींमागे येणारा कवड्या बिनविषारी असतो पण पट्ट्यांमुळे मण्यारसारखा दिसतो, आणि घाईत फरक कळत नाही. मेलेला वाटला तरी हात नको, विषारी सापाचं डोकं मेल्यावरही काही वेळ चावू शकतं. ट्रान्सफॉर्मरवर असेल तर जवळच जाऊ नका, वीज कंपनीला कळवा.

खरं काम भोकांचं आहे आणि ते सप्लाय बंद करून वायरमनकडूनच करून घ्या. नेमप्लेटवर आयपी रेटिंग (बाहेरची वस्तू आणि पाणी आत जाण्यापासून किती बचाव आहे ते सांगणारे आकडे) बघा, त्यातला पहिला आकडा २ असेल तर १२.५ मिमी आणि त्याहून मोठी वस्तू आत जात नाही एवढीच हमी, म्हणजे पाल किंवा सापाचं पिल्लू आरामात जाणार, आकडा ४ असेल तर १ मिमी आणि त्याहून मोठी वस्तू जात नाही. पण केबल काढून घेतल्यावर एक जरी ग्लँडचं भोक उघडं राहिलं तर ते रेटिंग कागदावरच. अशा भोकांना धातूचे प्लग लावा, खालची ग्लँड प्लेट (जिच्यातून केबल आत येतात तो पत्रा) आहे का बघा (बरेचदा ती काढलेलीच असते), केबलभोवतीची फट आग न धरणाऱ्या सीलंटने भरा. साधा फोम उंदीर कुरतडतात, आणि स्टील वूल अजिबात नको, त्याचे तुकडे बसबारवर पडले तर तेच शॉर्ट करतात. हवेच्या झडपा बंद करू नका, आतला माल तापेल, त्यांना आतून बारीक जाळी लावा. दिवा पॅनेलपासून लांब हलवा.

सगळं झालं की रात्री, सप्लाय बंद असतानाच, आत टॉर्च चालू ठेवून दार लावा आणि बाहेरून चारी बाजूंनी बघा. झडपेच्या जाळीशिवाय जिथून उजेड दिसेल ती फट अजून भरायची राहिलीय. वाकून खालूनही बघा, सगळ्यात मोठं भोक मला बहुतेक वेळा तिथेच सापडलंय.